स्मरणशक्तीची चाचणी आमच्या वृद्धांच्या भाषेत घ्या

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, कर्नाटक सरकार, बेंगळुरू.

महोदय,
सविनय नमस्कार.

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील माझी मराठीभाषक आत्या ७८ वर्षांची आहे आणि शाळेची पायरी ती कधीच चढलेली नाही. गेल्या आषाढात विसराळूपणाची शंका आली, म्हणून आम्ही तिला एका दवाखान्यात नेले. तारीख काय, १०० मधून ७ वजा करत जा, एक वाक्य लिहा, हे सारे तिला कन्नडमधून विचारले गेले. मी अर्थ सांगितल्यावर ‘परवा दिव्याची अवस’ असे तिने अचूक उत्तर दिले, तरी तारखेचा गुण मिळाला नाही. पेन्सिल तिने लाटण्यासारखी मुठीत धरली आणि माझ्याकडे पाहत राहिली. त्याच संध्याकाळी रोपलावणीला आलेल्या प्रत्येक बाईची किती दिवसांची मजुरी द्यायची आहे, हे तिने तोंडपाठ सांगितले.

१९७५ पासून जगभर रूढ असलेल्या ३० गुणांच्या चाचणीत वाचन, लेखन आणि आकृती काढणे येते, त्यामुळे न शिकलेल्या माणसाचे गुण आजार नसतानाही घटतात. उलट शिकलेल्याची घसरण चांगल्या गुणांआड बराच काळ लपून राहते. म्हणूनच हरियाणातील बल्लभगढच्या निरक्षर वृद्धांसाठी हिंदीत निराळी चाचणी घडवावी लागली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पुढे हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या भाषांत चाचणीसंच तयार केला. त्या पाचांत मराठी नव्हती.

हैदराबादच्या ६४८ रुग्णांच्या २०१३ मधील अभ्यासात, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंश सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसला, आणि हा फरक निरक्षरांतही आढळला. त्यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तरीही घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलत आयुष्य काढलेल्या आमच्या वृद्धांना त्यांच्या कच्च्या भाषेतच तपासणे मला फार खुपते.

कृपया या मागणीत सीमावाद आणू नये, कारण न शिकलेल्या कन्नडभाषक आजीलाही तीच पेन्सिल दिली जाते. राज्यात बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य व मेंदूविकार संस्थेच्या साहाय्याने मेंदू-आरोग्याचा उपक्रम चालू आहे. त्यातूनच खानापूर, बेळगाव, निपाणी भागातील सरकारी दवाखान्यांसाठी प्रमाणित मराठी चाचणी तयार व्हावी, शिक्षणाची वर्षे पाहून गुणांचा अर्थ लावावा आणि रोजच्या व्यवहाराबद्दल घरच्यांनाही विचारावे.

आत्याची फेरतपासणी पुढच्या महिन्यात आहे. त्या दिवशी तिला मराठीत प्रश्न विचारणारे कोणीतरी तिथे असावे.

आपला नम्र,
खानापूर तालुक्यातील एक नागरिक