अण्णांची गोळी आणि तुझ्या गावचा डॉक्टर

सातारा,
१२ मे

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

अण्णा आता बरे आहेत, हे आधी सांगतो. परवा फोनवर नीट बोलता आलं नाही, कारण ते शेजारीच बसले होते आणि मला त्यांच्यासमोर विषय नको होता.

त्यांची डिगॉक्सिनची गोळी तुला माहीतच आहे. ठोके अनियमित पडतात म्हणून चार वर्षं चालू आहे; पाच दिवस घ्यायची, शनिवार-रविवार सुट्टी. मार्चमध्ये आई ताईकडे गेली आणि गोळ्यांचा डबा भरायचं काम माझ्याकडे आलं. मी सातही खणांत गोळी टाकत गेलो. त्यातच त्यांना जुलाब झाले, अंगातलं पाणी कमी झालं. मग जेवण तुटलं, सकाळी मळमळ, दिवसभर गळून गेल्यासारखं. मला वाटलं उन्हाळा बाधला. एका संध्याकाळी देवापाशी दिवा लावला आणि ते म्हणाले, "दिव्याभोवती पिवळं कडं दिसतंय रे. तुझा सदराही पिवळा दिसतोय." सदरा पांढरा होता. मी मनगट धरलं, तर नाडी मिनिटाला अडतीस.

चार दिवस दवाखान्यात राहिले. गोळी थांबवली, रक्तातलं पोटॅशियम वगैरे सांभाळलं आणि माणूस हळूहळू माणसात आला. त्या चार रात्री मी पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून या गोळीच्या मुळाशी जाता येईल तेवढं गेलो. आणि ते मूळ निघालं तुझ्या बर्मिंगहॅममध्ये. म्हणून हे पत्र.

विल्यम विदरिंग. जन्म १७४१, श्रॉपशर परगण्यातलं वेलिंग्टन. वडील औषधं देणारे वैद्यच. मुलगा एडिंबरोला शिकायला गेला आणि १७६६ मध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडला. तिथल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांसाठी सुवर्णपदक ठेवलं होतं. याने घरी कळवलं की त्या विषयाबद्दल माझं मत इतकं वाईट आहे की पदकानेसुद्धा ते बदलणार नाही. वीस वर्षं मी वनस्पतिशास्त्र शिकवतोय, त्यामुळे असा मुलगा माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. दर वर्षी मागच्या बाकावर एक तरी असतोच.

त्याचं मन वळलं ते हेलेना कुक्समुळे. स्टॅफर्डला नोकरीला लागल्यावर ही त्याची रुग्ण होती. ती फुलांची चित्रं काढायची, आणि हा तिच्यासाठी माळावरून, बांधावरून फुलं गोळा करून आणायचा. १७७२ मध्ये त्यांचं लग्न झालं. आणि चारच वर्षांनी, १७७६ मध्ये, याचा ग्रंथ निघाला: ब्रिटनमध्ये आपोआप उगवणाऱ्या सगळ्या वनस्पतींची, वर्गीकरणाची रीत घालून देणाऱ्या लिनियसच्या पद्धतीने केलेली मांडणी, तीही लॅटिनमध्ये नव्हे, साध्या इंग्रजीत. सोबत रानात नेण्याजोगा छोटा सूक्ष्मदर्शकही त्याने बेतला. स्त्रियांच्या हाती पुस्तक जाणार म्हणून फुलांच्या नर-मादीपणाचे शब्द त्याने गाळले. ते मला पटत नाही; फुलाचा अभ्यास करायचा आणि त्याचं मुख्य कामच झाकून ठेवायचं, हे कसं? पण ज्यांना लॅटिन येत नव्हतं त्यांच्यासाठी त्याने दार उघडलं, हे मोठं काम आहे. मातृभाषेतल्या पाठ्यपुस्तकासाठी झगडताना मला ते फार जवळचं वाटतं.

१७७५ साली तो बर्मिंगहॅमला आला. तिथले डॉक्टर स्मॉल वारले होते, आणि ती जागा तू घे असं त्याला सुचवलं इरॅस्मस डार्विनने, म्हणजे आपण शिकलो त्या डार्विनच्या आजोबाने. त्याच वर्षी कुणीतरी त्याच्याकडे एक घरगुती नुस्खा मताला आणला. श्रॉपशरमधली एक म्हातारी अंगात पाणी भरलेल्या, पाय आणि पोट सुजलेल्या माणसांना ते औषध द्यायची. डॉक्टरांनी हात टेकलेले रोगीही कधी कधी तिच्याकडे बरे व्हायचे, पण त्याआधी उलट्या-जुलाबांनी हैराण व्हायचे. नुस्ख्यात वीसेक वनस्पती होत्या. विदरिंगने यादी वाचली आणि ओळखलं की काम करणारी एकच आहे, फॉक्सग्लव्ह. अण्णांच्या गोळीतलं डिगॉक्सिन याच कुळातल्या वनस्पतीचं. आपल्याकडे आयुर्वेदाच्या पुस्तकांत तिला हृत्पत्री म्हणतात. (त्या म्हातारीचं नाव 'मदर हटन' असं सांगतात, ते विसाव्या शतकात औषध कंपनीच्या जाहिरातीने दिलेलं. खऱ्या बाईचं नाव कुणीच लिहून ठेवलं नाही, याची मला खंत वाटते.)

ओळखणं तो वनस्पतिशास्त्र जाणत होता म्हणून जमलं. त्याच्यापुढची दहा वर्षं मात्र डॉक्टरची आहेत, आणि त्यांच्यासाठीच मी त्याला मानतो. तो गरिबांना रोज काही वेळ फुकट तपासायचा; वर्षाला दोन-तीन हजार माणसं. त्यांच्यातल्या सुजेच्या रोग्यांना त्याने हे औषध देऊन पाहिलं. आधी पानांचा काढा दिला, पण उकळल्याने गुण उणा-अधिक होतोय असं वाटलं. मग फांट, म्हणजे उकळत्या पाण्यात पानं भिजवून गाळलेलं पाणी. मग सुकलेल्या पानांचं चूर्ण. पानं कधी तोडायची तेही ठरवलं: फुलोरा येण्याच्या सुमाराला. देठ आणि मधली शीर काढून टाकायची, उन्हात किंवा शेकोटीसमोर वाळवायची. मात्रा एक ते तीन ग्रेन, म्हणजे साधारण ६५ ते २०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. सुरुवातीला त्याने फार जास्त दिलं होतं, आणि तेही त्याने लिहून ठेवलंय.

१७८५ मध्ये त्याने हे सगळं छापलं. पुस्तकाच्या सुरुवातीलाच फॉक्सग्लव्हचं रंगीत चित्र, आणि पुढे दीडशेहून जास्त रोग्यांच्या हकिकती. प्रस्तावनेत तो म्हणतो की यशाच्या गोष्टी तेवढ्या निवडल्या असत्या तर औषधाची आणि माझी वाहवा झाली असती, पण सत्य आणि शास्त्र यांना ते मान्य झालं नसतं. म्हणून मी हे औषध दिलेला प्रत्येक रोगी इथे मांडतो, योग्य तिथे दिलेलं असो वा अयोग्य, बरा झालेला असो वा न झालेला. दवाखान्याच्या खुर्चीत ते वाचताना माझे डोळे भरून आले. डबा चुकीचा भरला हे डॉक्टरांना सांगायला मला अर्धा दिवस लागला होता, अविनाश.

आणि मग त्याची ती यादी. मात्रा जास्त झाली की काय होतं: मळमळ, उलट्या, जुलाब, चक्कर, दृष्टी गढूळ, वस्तू हिरव्या किंवा पिवळ्या दिसणं, नाडी मिनिटाला ३५ पर्यंत उतरणं, शेवटी मृत्यू. अण्णांचा दिवा आणि माझा सदरा दोन्ही त्यात होते. त्याचा नियमही तिथेच आहे: मूत्रपिंड, पोट, नाडी किंवा आतडी यांपैकी कशावरही परिणाम दिसेपर्यंत औषध चालू ठेवा, आणि पहिला परिणाम दिसताक्षणी थांबवा.

हे औषध लघवी वाढवतं म्हणून सूज उतरते, असं तो समजत होता. हृदयाच्या स्नायूतल्या सोडियम-पोटॅशियमच्या पंपाला ते अडवतं, त्यामुळे कॅल्शियम वाढून आकुंचन जोरदार होतं, हे कळायला अजून दीड-पावणेदोनशे वर्षं होती. तरी हृदयाच्या गतीवर इतकी सत्ता दुसऱ्या कुठल्या औषधात दिसली नाही, असं त्याने नोंदवलं होतं. कारण कळलं नव्हतं, पण हातातली नाडी तो सोडत नव्हता.

डार्विनशी मात्र बिनसलं. १७७६ मध्ये डार्विनच्या एका रोग्याला बघायला विदरिंगला बोलावलं होतं आणि फॉक्सग्लव्ह त्यानेच सुचवली. डार्विनचा मुलगा एडिंबरोला शिकताना एकोणिसाव्या वर्षी वारला. १७८० मध्ये त्याचा प्रबंध छापताना बापाने फॉक्सग्लव्हच्या हकिकती मागे जोडल्या, विदरिंगचं नाव न घेता. मुलगा गमावलेल्या बापाला मी कठोर शब्द लावणार नाही, पण नाव घ्यायला हवं होतं.

विदरिंगची छाती कायम अधू. १७९२ आणि ९३ चे हिवाळे त्याने लिस्बनच्या उबेत काढले, तिथेही झऱ्यांचं पाणी तपासत बसला. ६ ऑक्टोबर १७९९ ला गेला.

आता तुला काम. एजबॅस्टन म्हटलं की आपल्याला क्रिकेटचं मैदान आठवतं, पण विदरिंग राहायचा तो एजबॅस्टन हॉल तिथेच आहे. सध्या गोल्फ क्लबच्या ताब्यात. जवळच्या जुन्या चर्चमध्ये त्याचं स्मारक आहे, त्यावर फॉक्सग्लव्ह कोरलेली आहे. एखाद्या रविवारी जाऊन ये आणि फोटो पाठव. जूनमध्ये रस्त्याकडेला जांभळ्या घंटांचे तुरे दिसतील. पान उलटून मागची मऊ लव बघ, आणि मग हात धुऊन टाक. मी मुलांना इथली बिट्टी दाखवतो. पिवळ्या फुलांच्या या झाडात त्याच जातीचं विष आहे, आणि दर वर्षी कुणाचं तरी लेकरू त्या बिया खाऊन दवाखान्यात पोचतं. पण खरी फॉक्सग्लव्ह मी आजवर फक्त वाळलेली पाहिलीय.

आज शनिवार. डबा मीच भरतो अजून, पण अण्णा दर शनिवारी आणि रविवारी खण उघडून बघतात, रिकामा आहे ना म्हणून. आत्ताच बघून गेले. तुला आणि वहिनींना आशीर्वाद सांगितलेत, आणि या वेळी आलास तर चार दिवस राहूनच जा म्हणाले.

तुझा,
मोहन