वेरूळ ते पेट्रा : मनापासून आभार

डोंगर कोरून घडवलेल्या दोन जागांवरच्या आमच्या माहितीपटाचं शूटिंग उरकलं. एक आपलं वेरूळ, दुसरं जॉर्डनचं पेट्रा.

पेट्रात शिरायच्या वाटेवरच्या, सिक नावाच्या सव्वा किलोमीटर घळीत ट्रायपॉड खांद्यावर घेणारा बदू (तिथल्या वाळवंटी अरब जमातीतला) पोरगा, तुझे आभार. घळ संपते तिथल्या, कड्यात कोरलेल्या ‘खजना’ या वास्तूवर सकाळचं ऊन कधी उतरतं, ते आमच्या कॅमेरामनपेक्षा तुलाच पक्कं ठाऊक! मुंबईच्या कस्टममध्ये लेन्सचा एकेक नंबर यादीशी ताडून पाहणारे साहेब, परतताना कटकट वाचली.

आणि वेरूळच्या मावशी! मंगळवारी लेणी बंद, तर घरी नेऊन भाकरी, पिठलं, ठेचा वाढलात. ‘हिरो कुठाय रे बाबा तुमचा?’ म्हणून जरा हिरमुसल्याही.

पहिला खेळ तुमच्याच गावात लावू. पडदा आमचा, वीज मात्र महावितरणच्या भरवशावर.