पुतळ्याखालच्या पाटीवर कर्मवीर अण्णा कुठे आहेत?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

22 सप्टेंबर जवळ आला की सातारा, सांगली, कोल्हापूर भागात कर्मवीर जयंतीची गडबड सुरू होते. शाळाशाळांत लेझीमचा सराव, मिरवणुकीची तयारी, चित्ररथ, भाषणांची पाठांतरं. त्या निमित्तानेच हे पत्र लिहितेय, जयंतीच्या आधी छापलंत तर उपयोग होईल.

माझी मुलगी आमच्या भागातल्या एका कॉलेजात सेकंड इयरला आहे. कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रार एका कॉलेजची नाहीच आहे, असंच मी आणखी दोन-तीन ठिकाणी पाहिलंय आणि तुमच्या वाचकांनीही पाहिलं असणार. कॉलेजच्या आवारात गेटमधून आत गेलं की समोर कर्मवीर भाऊराव पाटील, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, यांचा पूर्णाकृती पुतळा आहे. पुतळा सुंदर आहे. ती छातीवर रुळणारी दाढी, हातात काठी, आणि चेहऱ्यावर आपल्या घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसासारखा भाव, शिल्पकाराने जीव ओतून काम केलंय. फीच्या रांगेत नंबर यायला वेळ होता म्हणून मी चौथऱ्यावरची पाटी वाचायला गेले. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं. वर कर्मवीरांचं नाव, त्याखाली जन्म आणि मृत्यूची तारीख, झालं, त्यांच्याबद्दल तेवढंच. त्याच्याखाली शुभहस्ते कोण, अध्यक्ष कोण, प्रमुख उपस्थिती कोणाची, सन्माननीय सदस्य कोण कोण, अशी नावांची रांग पार खालपर्यंत, आणि प्रत्येक नावापुढे पद. चौथऱ्याच्या बाकीच्या तीन बाजू कोऱ्या. शेजारी दोन मुलं फोटो काढत होती, त्यांना सहज विचारलं की बाळांनो यांनी नेमकं काय केलं माहितीये का, तर एक म्हणाला संस्था काढली ना काकू. बरोबर आहे की, पाटीवर त्याहून जास्त काही नसेल तर त्याने तरी काय सांगायचं.

ज्या माणसाच्या पुतळ्याखाली ही नावांची रांग लागलीय त्या माणसाची एक गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं, तेव्हा पैशाची ओढाताण होती आणि एका देणगीदाराने मोठ्या रकमेची तयारी दाखवली, अट एवढीच की कॉलेजला त्याने सुचवलेलं नाव द्यायचं. अण्णा म्हणाले, एक वेळ बापाचं नाव बदलीन पण कॉलेजला दिलेलं शिवाजी महाराजांचं नाव बदलणार नाही. देणगी गेली. नावाच्या बाबतीत इतका कडक असलेला माणूस आणि त्याच्याच पायाशी आपण कोणाकोणाची नावं कोरून ठेवतो, हे बघून खरंच वाईट वाटतं. ज्यांनी अनावरण केलं त्यांचा अपमान करायचा म्हणून हे लिहीत नाहीये, त्यांनी वेळ दिला, कोणी पैसे दिले असतील, त्यांची नावं एका कोपऱ्यात बारीक अक्षरात असू देत की. पण पाटी पुतळ्याच्या माणसाची पाहिजे.

आता मला सगळ्यात जास्त जी गोष्ट सांगायचीय ती. कर्मवीरांचा आणि पुतळ्याचा एक फार जुना संबंध आहे आणि तो आजच्या मुलांना अजिबात माहीत नाही. 1914 साली कोल्हापुरात इंग्रज राजघराण्याच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासलं. हेच ते डांबर प्रकरण. त्यात अण्णासाहेब लठ्ठे यांना अडकवायचा घाट घातला गेला आणि लठ्ठ्यांविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून तरुण भाऊरावांवर दबाव आला. खोटी साक्ष दिली असती तर लगेच सुटका होती, पण त्यांनी दिली नाही. मग अटक, कोठडी, छळ, इतका की त्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला पण साक्ष दिली नाही ती नाहीच. आणि हे लठ्ठे कोण, तर कोल्हापूरच्या ज्या जैन बोर्डिंगात भाऊराव शिकायला राहिले होते त्या बोर्डिंगशी ज्यांचा जवळचा संबंध होता ते. 1908 साली शाहू महाराजांच्या काळात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं, त्या कार्यक्रमाला भाऊराव गेले, परत आल्यावर आंघोळ करून मगच पंगतीला बस असं सांगितलं गेलं तर यांनी साफ नकार दिला, आणि त्यापायी ते बोर्डिंग सुटलं. म्हणजे ज्या बोर्डिंगातून शिवाशिवीपायी बाहेर पडावं लागलं तिथल्याच माणसासाठी पुढे हा माणूस कोठडीत मार खायला तयार झाला, का तर साक्ष खोटी होती म्हणून. लठ्ठे पुढे 1937 च्या मुंबई सरकारात अर्थमंत्री झाले. राग धरायचा म्हटलं असतं तर भाऊरावांकडे कारण होतं, पण खोटं बोलायचं नाही म्हणजे नाही. 'संस्था काढली' या दोन शब्दांत यातलं काय येतं सांगा. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना हे वाचायला मिळालं तर ते त्या पुतळ्याकडे वेगळ्या नजरेने बघतील, निदान माझी मुलगी तरी ही गोष्ट ऐकून रात्री जेवताना चारचारदा त्यावरच बोलत होती.

आणि लक्ष्मीबाई, अण्णांच्या पत्नी. हे तर मी बाई म्हणून लिहितेच आहे पण बाई नसते तरी लिहिलं असतं. कराडजवळच्या काले गावात 1919 साली अण्णांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली, 1924 साली साताऱ्याला बोर्डिंग आणलं, सगळ्या जातींची पोरं एकत्र राहणारी, एकत्र जेवणारी. अण्णा गावोगाव फिरून धान्य आणि पैसे गोळा करायचे, म्हणजे घरी कमीच, आणि इकडे पोरांना सकाळ-संध्याकाळ भाकरी लागायचीच ना, ती कोणी थापली? लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या, त्या काळात त्यांनी महार, मांग, मराठा, मुसलमान सगळ्यांची पोरं आपल्या चुलीपाशी जेवू घातली. अंगावरचे दागिने एकेक करून बोर्डिंगच्या धान्यासाठी गेले आणि शेवटी मंगळसूत्रही गेलं. त्या काळातल्या सवाष्ण बाईने मंगळसूत्र काढून देणं म्हणजे काय हे आपल्या आज्यांना विचारा, नुसतं सोनं नव्हतं ते, लोक काय बोलले असतील, माहेरी काय वाटलं असेल. 1930 साली त्या गेल्या. संस्थेचा पुढचा सगळा पसारा, कॉलेजं, मानसन्मान, यातलं काहीच त्यांनी पाहिलं नाही. भाषणात दरवर्षी मंगळसूत्राचं एक वाक्य येतं, टाळ्या पडतात, पण पुतळ्याच्या आवारात त्यांचं नाव शोधून सापडत नाही. आधी पाटी, मग झालंच तर शेजारी लक्ष्मीबाईंचा एक पुतळा किंवा निदान शिल्पपट, बोर्डिंगच्या चुलीपाशी बसलेल्या, बाजूने पोरं. मला तर अण्णांचा एकट्याचा पुतळा अर्धाच वाटतो.

बोर्डिंगबद्दल जास्त लिहीत नाही, 1927 ला गांधीजी साताऱ्याला आले आणि त्यांच्या हस्ते बोर्डिंगला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्या बोर्डिंगातून आणि 'कमवा आणि शिका'मधून कोण कोण घडलं हे तरी लिहा. अण्णांच्या तालमीत वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. माझे सासरे काही कुलगुरू वगैरे झाले नाहीत, ते कमवा आणि शिकामधून शिकून मास्तर झाले, सकाळी शेतात काम आणि दुपारी वर्ग, हातावरचे घट्टे ते अभिमानाने दाखवायचे, आणि आमच्या घरात शाळा शिकलेली ती पहिली पिढी. अण्णा स्वतः मॅट्रिकसुद्धा झाले नव्हते, किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरलेला माणूस, त्यांना पुणे विद्यापीठाने 1959 ला डी.लिट. दिली, त्याच वर्षी पद्मभूषण मिळालं आणि त्याच वर्षी 9 मे ला ते गेले. 2021 ला तर त्यांच्या नावाने साताऱ्यात विद्यापीठच झालं. ज्याने कॉलेजचं तोंड विद्यार्थी म्हणून कधी पाहिलं नाही त्याच्या नावाने आज मुलं पदव्या घेतायत, हे पाटीवर लिहिण्यासारखं नाही का?

मी हे सगळं तिथल्या एका ओळखीच्या सरांजवळ बोलले. ते म्हणाले ताई तुमचं बरोबर आहे, पण अटक, कोठडी, आत्महत्येचा प्रयत्न हे पुतळ्याखाली शोभत नाही, लोक म्हणतील थोर माणसाबद्दल हे काय लिहिलं. मला हे अजिबात पटलं नाही. ते कोठडीत होते ते चोरी करून नाही गेले, खोटं बोलायला नकार दिला म्हणून गेले, त्यात लपवायचं काय आहे? उलट फक्त 'थोर शिक्षणमहर्षी' एवढंच लिहिलं की पोरांना वाटतं ही माणसं जन्मालाच थोर म्हणून आली, आपला आणि त्यांचा काही संबंध नाही. ज्या पोराला नापास झाल्यावर घरी तोंड दाखवायची लाज वाटते त्याला कळू दे की या माणसाच्याही आयुष्यात असा दिवस येऊन गेला होता आणि त्यानंतर त्याने सातशेच्या वर शाखा असलेल्या संस्थेचा पाया घातला. दुसरा मुद्दा त्यांनी खर्चाचा काढला. म्हणून मी बाजारात कोनशिला करणाऱ्याकडे जाऊन विचारून आले, ते लोक अक्षरावर पैसे लावतात, दगडाचे वेगळे. जयंतीच्या एका दिवसाच्या मांडव, फ्लेक्स आणि साउंडच्या खर्चापुढे ही रक्कम काहीच नाही, आणि पाटी एकदा बसली की वर्षानुवर्षं राहते.

तर संपादक साहेब, विनंती अशी आहे. ज्या ज्या कॉलेजांच्या आणि शाळांच्या आवारात कर्मवीरांचा पुतळा आहे तिथल्या प्राचार्यांनी आणि स्थानिक समितीने चौथऱ्याच्या कोऱ्या बाजू वापराव्यात. एका बाजूला डांबर प्रकरण, एका बाजूला लक्ष्मीबाई, उरलेल्या बाजूला बोर्डिंग आणि 'कमवा आणि शिका'. भाषा साधी ठेवा, 'ज्ञानसूर्य', 'युगपुरुष' वगैरे नको, सातवीच्या पोराला उभ्या उभ्या वाचता येईल एवढंच लिहा. मजकूर इतिहास विभागाच्या मुलांकडून लिहून घ्या, त्यांचाच प्रोजेक्ट होईल, मराठीच्या सरांनी शुद्धलेखन बघावं म्हणजे ग्रॅनाइटवर चुका कोरल्या जाणार नाहीत (हे पण मी पाहिलंय, एका ठिकाणी 'शिक्षण'च चुकलंय आणि ते तसंच आहे). आणि तुमच्या पेपरने जयंतीच्या पुरवणीत दरवर्षी जाहिरातीतल्या शुभेच्छांना जेवढी पानं दिली जातात त्यातलं एक पान जुन्या बोर्डिंगच्या विद्यार्थ्यांना द्यावं. त्यातले जे थोडेफार आज हयात आहेत ते नव्वदीच्या घरात आहेत, त्यांच्याकडे लक्ष्मीबाईंच्या ऐकलेल्या आणि अण्णांच्या पाहिलेल्या आठवणी आहेत, त्या आत्ता लिहून घेतल्या नाहीत तर नंतर कोणाला विचारणार.

आमच्या इथल्या कॉलेजला मी पाटीचा मजकूर सुचवणारं वेगळं पत्र दिलंय. अजून उत्तर आलेलं नाही, पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहे, आणि आणखी कोणी पालक किंवा माजी विद्यार्थी सोबत यायला तयार असतील तर फार बरं होईल.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
सातारा जिल्हा