खापर फक्त स्वभावावरच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला ‘राग आनंदापेक्षा वेगाने पसरतो’ हा लेख वाचला. लेख वाचनीय आहे, चित्र तर अर्धे पान भरून आहे. पण शेवटी लेखकमहाशयांनी सगळे खापर ‘मनुष्यस्वभावा’वर फोडून हात झटकले, ते काही पटले नाही. फेसबुकने २०१७ मध्ये रागाच्या इमोजीला साध्या लाइकच्या पाचपट वजन दिले होते. म्हणजे लोक जितके चिडतील तितकी ती पोस्ट वर. ते वजन शून्यावर यायला सप्टेंबर २०२० उजाडले. स्वभाव आमचा, हे मान्य. पण गुणपत्रिका कोणी बनवली, हेही चार ओळींत लिहायला हरकत नव्हती.

दुसरे असे, की ज्या चिनी अभ्यासाचा हवाला दिला, त्यातले निम्मेच सांगितले. बीजिंगच्या बेहांग विद्यापीठातल्या संशोधकांनी वेइबो या चिनी समाजमाध्यमावरच्या सुमारे दोन लाख लोकांच्या सात कोटी नोंदी चाळल्या. एकमेकांशी बोलणाऱ्यांचे राग सर्वाधिक जुळले, आनंद त्याहून कमी जुळला. आणि दुःख? ते जवळजवळ जुळलेच नाही. मला विचाराल तर खरी बातमी हीच होती.

आमचा शाळासोबत्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. मध्यंतरी दुपारी त्यावर एक क्लिप आली. एक तरुण एका म्हाताऱ्याला ढकलतो, म्हातारा पडतो, क्लिप संपते. कुठली, कधीची, आधी काय झाले, कुणाला पत्ता नाही. पण ग्रुप पेटला! एरवी वाढदिवसाला अंगठासुद्धा न दाखवणारे ‘हात तोडा याचे’ म्हणून सरसावले. त्या धुमश्चक्रीत एका मित्राने लिहिले, ‘हिला जाऊन आज महिना झाला. घरात करमत नाही.’ त्याखाली लगेच पुढचा मेसेज : ‘असल्यांना भर चौकात फोडलं पाहिजे.’ मग लालबुंद चेहऱ्यांची रांग. त्याच्या दोन ओळी कुठल्या कुठे वर निघून गेल्या.

रात्री मी त्याला फोन लावला. म्हणाला, ‘अरे, वाचलंय सगळ्यांनी. कुणी कुणी वाचलं ते दिसतं ना त्यात.’ यावर काय बोलणार? हे सगळे दगडाच्या काळजाचे आहेत असे नाही. त्यातले अर्धेअधिक अंत्यविधीला आले होते. पण रागाला उत्तर द्यायला एक चेहरा दाबला की भागते. दुःखाला काय लिहायचे, इथेच बोट अडते.

बाकी, लेखात सर्रास ‘संसर्ग’ म्हटले आहे, त्याबद्दलही थोडे सबुरीने घ्यावे. वेइबोच्या अभ्यासात मोजला तो सहसंबंध, म्हणजे दोघांच्या भावना किती जुळतात एवढेच; एकाची दुसऱ्याला लागली का, हे नव्हे. चिडके चिडक्यांशीच मैत्री करत असतील, तरी आकडे तसेच दिसू शकतात. फेसबुकने जानेवारी २०१२ मध्ये ६,८९,००३ जणांना न विचारता त्यांच्या फीडमधल्या भावना कमी-जास्त करून पाहिल्या. परिणाम सापडला, पण अगदी किरकोळ. गदारोळ मात्र २०१४ मध्ये त्या प्रयोगाचा शोधनिबंध छापून आल्यावर जबरदस्त झाला.

आता राग आलाच आहे तर आणखी एक. लेख छापील अंकात इतका समंजस, आणि त्याच दिवशी आपल्या संकेतस्थळावर ‘नेटकरी संतापले’, ‘पाहून तळपायाची आग मस्तकात जाईल’ असे तीन-चार मथळे. हे लावणारे संपादक वेगळे आहेत का? असतील तर त्यांनाही पुरवणीचा एक अंक पाठवावा, मी माझा देतो.

गेल्या वेळी माझ्या पत्राला आपण ‘वाचकाचा संताप’ असा मथळा दिला होता. मी संतापलो नव्हतो, फक्त एक शंका विचारली होती. तिचे उत्तर अजून आलेले नाही.

आपला,
एक जुना वाचक