आठच्या मालिकेसाठी आभार

पुण्यात लॉ कॉलेज रस्त्याजवळच्या स्टुडिओत मी फ्लोअर असिस्टंट (शूटिंगच्या सेटवरची मदतनीस) म्हणून लागले. पाळी दुपारी 2 ते रात्री 10, म्हणजे आठची माझी मालिका रोज बुडणार. चहावाल्या मावशी, दुसऱ्या दिवशी तुम्ही अख्खा भाग संवादांसकट सांगायचात. एकही दिवस चुकवला नाहीत!

केबलला पीळ पडू नये म्हणून एक वेढा सुलटा, एक उलटा घ्यायला शिकवणारे कॅमेऱ्याचे दादा, आणि की (मुख्य), फिल (सावल्या सौम्य करणारा), बॅक (मागून येणारा) हे तिन्ही दिवे माझ्याच चेहऱ्यावर लावून दाखवणारे लाइटवाले काका, मनापासून आभार. आता नायिकेच्या केसांमागची उजेडाची कड आधी दिसते आणि (खरं सांगते) मालिका जास्तच आवडते.

धो धो पावसात सिंहगड रस्त्यापर्यंत मीटरनेच सोडणारे रिक्षावाले दादा, तुमचं नाव विचारायचं राहिलं.