युरोपातील खिसेकापू आणि आपले प्रवासी

महोदय,

गेल्या मे महिन्यात पॅरिसच्या मेट्रोत, दारे मिटता मिटता, माझ्या पत्नीची पर्स रिकामी झाली. चेन अर्धी उघडी आणि आत चष्म्याची डबी तेवढी शिल्लक. पासपोर्टही गेल्याने आधी पोलिसांत तक्रार आणि मग भारतीय दूतावासातून मायदेशी परतण्यापुरता आपत्कालीन दाखला मिळवणे, यातच आमची सहल संपली.

तिथले खिसेकापू बहुधा टोळीने येतात. आयफेल टॉवरजवळ एक जण सहीसाठी कागद पुढे करतो, तोवर दुसरा डाव साधतो. हा उपद्रव एवढा, की एप्रिल २०१३ मध्ये लूव्र संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांनी त्याच कारणाने काम थांबवल्यामुळे ते एक दिवस बंद राहिले होते. पंढरीच्या वारीत कडोसरीला पैसे खोचणारी आपली माणसे तिकडे मात्र पासपोर्ट, रोकड आणि कार्ड एकाच पर्समध्ये ठेवून निर्धास्त फिरतात, याचे फार वाईट वाटते. पासपोर्ट कपड्यांच्या आत कमरेच्या पट्ट्यात ठेवावा, त्याची झेरॉक्स वेगळ्या बॅगेत असावी आणि ११२ हा युरोपीय संघातील मदत क्रमांक पाठ असावा. लातूर-नांदेडच्या सहल आयोजकांनी निघण्यापूर्वीच्या बैठकीत अर्धा तास तरी यासाठी राखून ठेवावा, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त शिक्षक, लातूर