जुन्या तेलविहिरी आणि युरियाची गोणी

महोदय,

तेलविहिरीतून उपसा केला, पाणी दाबून सोडले, तरी निम्म्याहून अधिक तेल खडकाच्या बारीक छिद्रांत अडकूनच राहते. कार्बन डायऑक्साइड मिळाला की हे तेल फुगते, पातळ होते, वाहू लागते. पण हा वायू लांबून नळाने आणावा लागतो आणि पाण्यासोबत तो लोखंड गंजवतो. म्हणून युरियाचे द्रावणच खाली सोडण्याची पद्धत मला मोलाची वाटते. खोलवरच्या उष्णतेने युरिया फुटून कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया तिथेच तयार होतात. ४५ किलोच्या गोणीतून साधारण ३३ किलो कार्बन डायऑक्साइड! (आम्ही तीच गोणी पऱ्हाटीला देतो.)

कच्च्या तेलाची ८५ टक्क्यांहून अधिक गरज आपण आयातीवर भागवतो. वाढीव उपशासाठी केंद्राने २०१८ मध्ये धोरणही मंजूर केले. जुन्या क्षेत्रांत असे प्रयोग जरूर व्हावेत, आमच्या ट्रॅक्टरलाही डिझेलच लागते. फक्त त्यासाठीचा युरिया शेतकऱ्यांच्या अनुदानित साठ्यातून घेऊ नये. गेल्या खरिपात मी तालुक्याच्या दुकानापुढे तीन दिवस रांगेत होतो आणि इकडे वावरात पऱ्हाटी पिवळी पडत होती.

– एक कापूस उत्पादक, जि. यवतमाळ